‘अमिहान’ची आठवी खिडकी

१ सप्टेंबर, शनिवार

सप्टेंबर लागला की आमच्या मारिकिना शहरात नाताळची गाणी वाजू लागतात आणि मी बेलेन, म्हणजे गव्हाणीचा देखावा, मांडायला घेते. शाळा सुटताना सिस्टर फिदेलांनी दिलेलं आहे ते. गोठा मी तीनदा बदलला, माणसं मात्र तीच. मेंढरं उंटांपेक्षा मोठी आहेत हे तेव्हाही दिसलं होतं, पण दानाच्या गाईचे दात कुणी मोजावेत.

ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी दोनच उरलेत. गुडघे टेकून बसलेला म्हातारा मेल्चोर मी टीव्हीत कामाला होते त्या सुमारास हरवला. हरवलेल्या वस्तूंसाठी संत आंतोनियोला साकडं घालतात, तसं दरवर्षी घालते. तोही कंटाळला असेल. मेल्चोरची जागा मी मोकळी ठेवते, पुढे थोडं गवत पसरून.

शेजारून दिवसभर खोकी ठोकल्याचा आवाज. माझा थोरला भाऊ तेबान, आमच्या भाषेत कुया, नऊ डिसेंबरला लेक मारिव्हिककडे विनिपेगला जातो आहे, कायमचा. शहात्तराव्या वर्षी बर्फात राहायला. मारिव्हिकने पाठवलेला जाड कोट त्याने काल घालून दाखवला. घामाने भिजला, पण काढेना.

माझं देवाकडे यंदा एकच मागणं आहे. तो जायच्या आधी त्याने आणि माझ्या नवऱ्याने, नान्दिंगने, एकमेकांशी एक वाक्य बोलावं. माझ्यामार्फत नाही, सरळ.

२ सप्टेंबर, रविवार

आईने जागा दोघांत वाटली, म्हणून अंगण एक आणि घरं दोन. रविवारचं जेवण आमच्याकडे.

"पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग, व्हिनेगर इकडे सरकव," कुया मला म्हणाला.

बाटली त्या दोघांच्या मधोमध होती. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

"नान्दिंग, व्हिनेगर."

"तुझ्या भावाला सांग, त्याला हात आहेत."

"कुया, तो म्हणतो तुला हात आहेत."

"ऐकलं मी. मी काय बहिरा आहे?"

"विचार त्याला, बहिरा नाही तर टीव्ही एवढ्या मोठ्याने का लावतो."

चाळीसहून अधिक वर्षं हे असंच चाललंय. नव्या पाहुण्यांना वाटतं आम्ही थट्टा करतो.

कारण लिहायला लाज वाटते. मार्शल लॉच्या काळात आम्ही तिघं एकाच टीव्ही स्टेशनात होतो. तिथे ‘अमिहान’ नावाची मुलांची मालिका व्हायची. सात माणसं एका आकाशयानात बसून हरवलेलं घर शोधत फिरतात, एवढीच गोष्ट. यानाला नाव दिलं होतं नाताळाच्या दिवसांत उत्तरेकडून येणाऱ्या गार वाऱ्याचं. बाहेरून दिसायचं ते यान कुयाने बनवलेलं, जीपनी गाडीच्या पत्र्याचं, दोन हात लांब. आतल्या खोल्या नान्दिंगच्या, लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या, माणसं चालतील एवढ्या. मी कॅमेऱ्याशेजारी बसून कप मागच्या वेळी कुणाच्या कोणत्या हातात होता ते टिपायची.

एक दिवस नान्दिंगने आठ बाकांची झोपायची खोली बांधली. कुया म्हणाला, ही माझ्या यानात मावत नाही. नान्दिंग म्हणाला, मग यान मोठं कर. त्याच आठवड्यात कुयाने नोकरी सोडली. बोलणं तेव्हापासून बंद.

कशावरून, तर कधी न उडालेल्या यानावरून. आम्ही नवरा-बायको झालो, पोरं झाली, पुरात दोन्ही घरं बुडाली, दोघांनी मिळून एकाच छपरावर रात्र काढली. तेव्हासुद्धा "तुझ्या भावाला सांग, पाय आत घे."

९ सप्टेंबर, रविवार

आज जेवणाच्या वेळी दाराशी एक टकला गृहस्थ उभा. हातात एन्सायमाडा या गोड पावांचा डबा, काखेत कागदाची लांब नळी.

"पुरिफिकासिओन दिमाकुलांगान?"

"हो. काय विकायचंय?"

"तुम्ही खऱ्या आहात?" म्हणाला. "तुमचं नाव मला पाठ आहे. शेवटी यायचं ना, पाट्यांमध्ये. मला वाटायचं एवढं लांब नाव कुणीतरी बनवलेलं असणार."

त्याचं नाव डॉक वेंग, आमच्याच मारिकिनात दातांचा दवाखाना आहे. सात वर्षांचा असताना सांधेतापाने वर्षभर अंथरुणात होता, तेव्हा शनिवार ते शनिवार ‘अमिहान’वर जगला. आता त्याच्यासारख्या अकरा जणांनी मंडळ काढलंय. तीस नोव्हेंबरला शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवणार आहेत आणि मधोमध उभं कापलेलं यान ठेवणार, सगळ्या खोल्या दिसतील असं. दातांच्या साच्याचं प्लॅस्टर वापरून स्वतःच बनवतोय.

"पण तीता, बसत नाही," मावशीला हाक मारावी तसं तो म्हणाला, आणि नळीतला कागद आमच्या टेबलावर पसरला. "बाहेरून मोजलं की यान लहान येतं. आतल्या खोल्या मांडल्या की निम्म्या बाहेर. रोग्याचा जबडा एवढा आणि दात एवढे."

"बाहेरून कसं मोजलंत?" नान्दिंगने विचारलं. यानाचं मॉडेल स्टेशनवाल्यांनी कधीच भंगारात काढलं.

त्याने एक धूसर फोटो दाखवला. यानाच्या पुढच्या खिडकीत एक माणूस दिसतो, कमरेपासून वर, डोक्यावर उंच टोपी. "हा कप्तान. कमरेपासून डोक्यापर्यंत माणूस किती असतो ते माहीत आहे, त्यावरून खिडकी, खिडकीवरून यान."

मी म्हटलं, "कप्तानाला टोपी नव्हती. एकाही भागात नाही. असती तर मी टिपली असती."

कुया भाताचं भांडं शोधू लागला. ते त्याच्या समोरच होतं.

"तुम्हा दोघांच्या हातून उद्घाटन करायचंय," डॉक म्हणाला.

"त्यात ती झोपायची खोली असेल तर मी येणार नाही," कुया म्हणाला.

"पुरिंग, तुझ्या भावाला सांग, खोली नसेल तर मी येणार नाही."

"तीतो," डॉक हळूच नान्दिंगला म्हणाला, "ते इथेच बसलेत."

"डॉक, तुम्ही माशाची आमटी घ्या," मी म्हटलं.

१२ सप्टेंबर, बुधवार

कुया सामान वाटून टाकतोय. हातोड्या पुतण्याला, पंखा चर्चला. मी म्हटलं, ऑर्किडची कुंडी मला दे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, मधल्या भिंतीला ती कधीपासून टांगलेली आहे. ॲल्युमिनियमची, अर्धं अंडं आडवं कापावं तशी, कडेला पाणी निथळायला भोकांची रांग. एका भोकावर पत्र्याची छोटी झापड आहे. ती वाऱ्याने खडखडते म्हणून मी एकदा कागदाचा बोळा कोंबला होता, नान्दिंगने काढून टाकला.

"ती तुझ्याच खिडकीपुढे आहे. अजून काय देऊ?" कुया म्हणाला.

नान्दिंगला झाडांचं वेड नाही. माझी जास्वंद त्याच्या डोळ्यांदेखत वाळली. त्या ऑर्किडला मात्र रोज सकाळी कॉफीच्या आधी पाणी घालतो. माणूस म्हातारा झाला की काहीतरी छंद लागतो.

२३ सप्टेंबर, रविवार

डॉक पुन्हा आले. आज बिचाऱ्यांचं मन मोडलं. नकाशात त्यांनी तीन मार्गिका काढल्या होत्या, निळी, लाल आणि हिरवी.

"एकच होती," नान्दिंग म्हणाला. "दिव्यांना वेगळा रंगीत कागद लावायचा आणि आग विझवायचं नळकांडं डावीकडून उजवीकडे टांगायचं. स्टुडिओ केवढासा होता."

डॉकनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलू शकले नाही. नळकांड्याची बाजू मीच तर टिपत होते.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "एक धरली तर जागा वाचते. पण मी तिन्हींतून फिरलोय, तीता. अंथरुणात पडून. हिरवीतून तर रोज."

नान्दिंगने पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या हाताने तीन मार्गिका पुन्हा ठळक केल्या. "मग तीनच होत्या," म्हणाला. "मी फक्त एक बांधली होती."

कुया तिकडे बघत होता. "पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग," त्याने सुरुवात केली, आणि काय सांगायचं ते सांगितलंच नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज घरात चोर सापडला.

जेवणानंतर डॉक बेलेनजवळ घुटमळत होते. दवाखान्यातलं ते डोळ्यांवर चढवायचं भिंग त्यांच्या खिशातच असतं. ते लावून उरलेल्या दोन राजांकडे, गास्परकडे आणि बाल्ताझारकडे पाहिलं, मग खिशातून तो धूसर फोटो काढला.

"तीता, तिसरा राजा कुठे आहे?"

"हरवला. मी टीव्हीत होते तेव्हा."

"तो गुडघे टेकून होता का? अंगावर पायघोळ झगा?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

डॉक कुयाकडे वळले. कुया एन्सायमाडावरची साखर बोटाने टिपत होता.

"खिडकीत माणूस पाहिजे होता," कुया म्हणाला. "शूटिंग सकाळी. आयत्या वेळी माणूस कुठून आणू?"

"मेल्चोर?" मी म्हटलं. "तू माझ्या मेल्चोरला यानात बसवलंस?"

"कप्तान केला त्याला. काही वाईट नाही केलं."

"चाळीस वर्षं मी संत आंतोनियोच्या पाया पडते आहे, कुया. मेणबत्त्या लावल्या. सुतारावर संशय घेतला. तो बिचारा वारला."

"मी सांगणार होतो. पण तू दरवर्षी इतक्या मनापासून शोधायचीस की धीर होईना."

नान्दिंग हसायला लागला. इतका की त्याला पाणी द्यावं लागलं. रागावले होते, पण मलाही आवरेना. माझा मेल्चोर, सगळं आकाश फिरून आला. खऱ्या मेल्चोरनेही ताऱ्यामागे एवढा प्रवास केला नसेल.

डॉक मात्र हसत नव्हते. कागदावर भराभर आकडे मांडत होते. त्यांनी समजावलं ते असं. खिडकीतला माणूस कमरेपासून वर दिसतो असं त्यांनी धरलं होतं. पण तो अख्खा माणूस होता, गुडघे टेकलेला, झग्यामुळे पाय न दिसणारा. म्हणजे खिडकी त्यांना वाटली त्याच्या दीडपट. म्हणजे यानही दीडपट.

"बसतंय," डॉक म्हणाले. "चालकाची खोली, स्वयंपाकघर, तिन्ही मार्गिका. सगळं बसतंय. फक्त झोपायची खोली नाही. ती अजून पोटातून खाली येते."

हसू तिथेच थांबलं.

"सांगितलं होतं," कुया म्हणाला.

"तुझ्या भावाला सांग," नान्दिंग म्हणाला आणि उठून भांडी घासायला गेला. भांडी तो कधीच घासत नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्या संतांचा दिवस. आईच्या कबरीवर सतरंजी घालून जेवलो. कुयाने कबरीचा दगड घासून पुसून रंगवला, पुढच्या वर्षी कोण रंगवणार म्हणून दोन हात दिले.

टीव्हीच्या त्या दिवसांत आईने त्याला सक्त ताकीद दिली होती, संचारबंदीच्या आत पुरिंगला घरी आण. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर सापडलं की सरळ छावणीत. तो रोज स्कूटर घेऊन स्टेशनच्या फाटकाशी उभा असायचा, स्वतःचं काम दुपारीच संपलं असलं तरी. पाऊस असला की मला त्याचा रेनकोट, तो भिजत. शूटिंग लांबलं आणि तो थांबू शकला नाही की मी रंगभूषेच्या खोलीत खुर्चीवर बसून रात्र काढायची. एकदा नान्दिंग पहाटे दिवे तपासायला आला तेव्हा मी तशी दिसले. मान आखडली होती. तसाच परत फिरला, तेव्हा आमची ओळखही बेताची होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ती खोली बांधली गेली. आम्हा सगळ्यांचीच सोय झाली. शूटिंग संपलं की दिवेवाले, सुतार, सगळे त्या बाकांवर झोपायचे, आणि दिग्दर्शकाने ती गोष्टीत घालून टाकली. शेवटच्या बाकाला लाकडी झापांचं दार होतं, आतून कडी. तो नेहमी मलाच मिळायचा. मी सगळ्यांत बुटकी, दुसरं कुणी त्यात मावलंही नसतं.

पहिल्या दिवशी फाटकाशी जाऊन मी कुयाला सांगितलं, तू जा, आता थांबायला नको, आत झोपायची सोय झालीय. किती आनंदाने सांगितलं होतं. त्याचे रोजचे हेलपाटे वाचले.

खोलीवरून भांडण झालं ते त्याच आठवड्यात. यानाचा आकार एवढा मनाला लावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

घाईघाईने लिहितेय, अक्षर वाईट येणार.

डॉक शेवटचा नकाशा घेऊन आले. उद्यापासून रंगकाम. चेहरा ओढलेला. म्हणाले, मंडळात मतं घेतली. खोली वगळायची ठरली. "तीतो नान्दिंग, मला माफ करा. ती तीनच भागांत दिसली. आम्ही असं धरू की ते स्वप्न होतं. निदान तीतो तेबान तरी येतील."

नान्दिंगने नुसती मान हलवली. तो वाद घालत नाही तेव्हा मला भीती वाटते.

डॉकनी खोडरबर काढलं आणि यानाच्या पोटाखाली आलेली चौकट खोडायला लागले. पहिला बाक गेला. दुसरा गेला. ते एकेक खोडत होते, दात काढतात तसे, हळू. शेवटच्या बाकाशी आले.

"थांब," कुया म्हणाला.

डॉक थांबले.

"खोडू नको ते."

"पण तीतो, तुम्हीच तर..."

"मी काय म्हणालो ते मला माहीत आहे. खोलीच नसली तर पुरिंग कुठे झोपेल?"

डॉकना वाटलं म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. ते म्हणाले, "तीतो, तीता पुरिंग मालिकेत नव्हत्या."

कुया माझ्याकडे बघत नव्हता, नान्दिंगकडेही नाही. त्या शेवटच्या चौकटीकडे बघत होता.

तेवढ्यात नान्दिंग उठला. स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेला. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि तो ऑर्किडची कुंडी घेऊन आत आला, मुळांसकट, शेवाळ्यासकट, तळातून पाणी ठिबकत. ती त्याने सरळ नकाशावर ठेवली. कोळशाचे तुकडे सगळ्या कागदावर सांडले.

"हळू," कुया म्हणाला. "मुळं तुटतील."

"इतकी वर्षं पाणी मी घालतोय," नान्दिंग म्हणाला. "मला नको सांगू."

मी भात वाढत होते. डाव हातातच राहिला.

"तुला माहीत होतं?" कुयाने विचारलं.

"टांगलीस त्याच दिवशी. आठ खिडक्या. डोळे फुटले नव्हते माझे."

"मी खोली मोजली होती. सगळे उठून गेल्यावर, सकाळी. तुझ्या नकाशावर भरवसा नव्हता."

"बरोबर मोजलीस?"

"तुझ्यापेक्षा बरोबर."

"स्टेशनात आणलं का नाहीस मग?"

"आणलं होतं. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. फाटकावर कळलं मालिका बंद झाली." कुयाने कुंडीच्या कडेवरून बोट फिरवलं. "परत नेऊन काय करणार होतो. भोकं होतीच. म्हटलं, झाड लावू."

डॉकनी भिंग चढवलं होतं. त्यांनी कंपासने कुंडी मोजली, मग फोटोतलं यान, मग पुन्हा कुंडी. आठवं भोक आलं तेव्हा त्यांनी पत्र्याची झापड नखाने वर केली, सोडली, वर केली.

"पोटाखाली," ते म्हणाले. "उतरायच्या पायांच्या मध्ये. बरोबर बसते. ही यानाचाच भाग आहे."

"मग काय कुंडी आहे?" दोघं एकदम म्हणाले.

मला काय करावं कळेना. कुणी कुणाला काही सांग म्हणत नव्हतं. आत जाऊन उगाच भात पुन्हा गरम केला आणि चुलीशी उभी राहून देवाचे आभार मानले. मागितलं होतं एक वाक्य. मी मोजायचं सोडलं.

बाहेर आले तेव्हा मात्र दोघं गप्प जेवत होते. मग कुया म्हणाला, "पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग, व्हिनेगर."

नान्दिंगने बाटली सरकवली. माझी वाट न पाहता.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

प्रदर्शन झालं. सभागृहात पन्नाशीचे पुरुष आणि बायका लहान मुलांसारखे रांगेत उभे होते. उभं कापलेलं यान मधोमध, आत दिवे लावलेले. तिन्ही मार्गिका आहेत. पोटाखाली आठ खिडक्यांची खोली, खरी, ॲल्युमिनियमची. ऑर्किड मी तात्पुरतं दुधाच्या डब्यात लावलंय.

चालकाच्या खिडकीत गुडघे टेकलेला मेल्चोर. डॉकनी माझ्या दोन राजांवरून नवा घडवला, कवळीच्या सामानाचा, त्यामुळे झगा हिरड्यांसारखा गुलाबी आहे. त्याचा जुळा भाऊ माझ्या बेलेनसाठी दिला. गास्पर आणि बाल्ताझार त्याच्याकडे जरा संशयाने बघतात असं वाटतं. मुकुट डोळ्यांवर आलाय. असू दे. बसला तर खरा जागेवर.

दोघांनी एकाच कात्रीने फीत कापली. कात्री कुणी धरायची यावरून थोडं झालं. मग डॉकनी ध्वनिक्षेपक पुढे केला. कुया म्हणाला, "पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग, आधी त्याने बोलावं." लोकांना वाटलं विनोद आहे. खूप हसले.

एक बाई झोपायच्या खोलीपुढे बराच वेळ उभी होती. म्हणाली, लहानपणी मला वाटायचं तो झापांच्या दाराचा बाक माझा आहे. मी म्हटलं, माझाच होता तो. तिने माझा हात धरला. तिलाही थट्टा वाटली असेल.

९ डिसेंबर, रविवार

कुया गेला.

पहाटे निघायचं होतं, तो तासभर आधीच कोट घालून अंगणात बसला. नान्दिंग गाडीत पेट्या चढवत होता. मी तळहाताएवढ्या वाळलेल्या माशांची पुडी कुयाच्या पिशवीत लपवली. तिकडे मिळतात म्हणे, पण आपल्या नदीकडचे नाहीत.

विमानतळावर पुढे फक्त प्रवासी जातात. कुया काचेच्या दाराशी वळला. "पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग," म्हणाला, "ऑर्किडला नवीन कुंडी कर. दुधाच्या डब्याला भोकं नाहीत."

नान्दिंग माझ्या शेजारीच होता. "तुझ्या भावाला सांग," तो म्हणाला, आणि त्याला पुढचं सुचेना. मग दोन पावलं पुढे गेला आणि कुयाच्या कोटाची बटणं लावून दिली, खालपासून वरपर्यंत, गळ्याचंसुद्धा. कुया मान वर करून उभा राहिला. आईपुढे शाळेत जाताना राहायचा तसा.

परत येताना गाडीत आम्ही बोललो नाही. माझ्यामार्फत निरोप पाठवायला कुणी नव्हतं.

१६ डिसेंबर, रविवार

आजपासून चर्चमध्ये नाताळाआधीचा पहाटेचा मिस्सा सुरू झाला. बाहेर पडलो तर हवेत गारवा. अमिहान आला.

जेवणाच्या वेळी कुयाचा व्हिडिओ फोन. तिकडे रात्र होती. खिडकीबाहेर दिव्याखाली सगळं पांढरं. "पुरिंग, तुझ्या नवऱ्याला सांग, इथे नाकातले केससुद्धा गोठतात." मी फोन व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून कुयाच्या जागेवर ठेवला. नान्दिंग म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, मग नाक आत ठेव." तासभर माझ्यामार्फत भांडले. आमटी निवली. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

नान्दिंगने नवी कुंडी स्वतः केली. जुन्या पातेल्याची. आठ भोकं पाडली आणि आठव्यावर पत्र्याची झापड. मी म्हटलं, आता कशाला, पुन्हा खडखडेल. म्हणाला, खडखडू दे.

संध्याकाळी बेलेनपुढे बसलो होतो तेव्हा मला एकदम आठवलं म्हणून विचारलं. त्या खोलीत फक्त शेवटच्या, माझ्या बाकाला झापांचं दार का केलं होतंस?

तो मेल्चोरचा मुकुट सरळ करत होता. "वारा लागायचा," म्हणाला.

वारा. त्या स्टुडिओला एकही खिडकी नव्हती. आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दारं दुहेरी. उकाड्याने दिवेवाले बनियनवर काम करायचे. वारा यायचा तरी कुठून?

पुढच्या रविवारी कुयाला विचारायला हवं.